सेकंदाच्या आत लपलेली फेज

जुन्नर-आंबेगावातल्या शेतकऱ्याला 'फेज' हा शब्द शिकवावा लागत नाही. थ्री फेज लाईट रात्री किती वाजता येणार, कुणाची एक फेज उडाली, कुणाची मोटार त्यामुळे जळाली, हे सगळं पारावर बोललं जातं. डीपीवर काम झाल्यावर दोन वायरी अदलाबदल झाल्या तर विहिरीवरची मोटार उलटी फिरते, हेही सगळ्यांना माहीत असतं. आता जरा थांबून विचार करा. त्या तीन वायरींमध्ये फरक काय असतो? व्होल्टेज तेवढंच. सेकंदाला ५० आवर्तनं, तीही तेवढीच. मीटर लावून एकेक वायर मोजली तर तिन्ही अगदी सारख्या दिसतील. फरक फक्त 'कधी' एवढाच आहे. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि प्रत्येक वायर आपल्या आधीच्या वायरीच्या साधारण पावणेसात मिलिसेकंद मागून शिखरावर पोहोचते. या 'कधी'लाच फेज म्हणतात. शाळेच्या पुस्तकात 'कला' असा शब्द होता, चंद्राच्या कला असतात तसा, पण तो परीक्षेनंतर कुणी वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपण फेजच म्हणू.

आजच्या लेखात काही हौशी लोकांचा उद्योग सांगायचा आहे. ही मंडळी रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या सिग्नलची फेज मोजत बसतात. नोकरी म्हणून नाही, पदवीसाठी नाही, नुसता नाद. इंग्रजीत त्यांना गमतीने 'टाइम नट्स' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'वेळेचं वेड लागलेले'. माझं पीएचडीचं काम पल्सारच्या ठोक्यांची वेळ मोजण्याचं, त्यासाठी लागणारा डेटा खोडदच्या दुर्बिणीचा. 'तुम्ही तिकडे नक्की करता काय?' या प्रश्नाला उत्तर देताना मला या हौशी लोकांचं उदाहरण फार सोयीचं पडतं, कारण ते जे करतात त्यात आणि आम्ही जे करतो त्यात गणित जवळपास एकच आहे.

तर आधी सिग्नल कोणता ते पाहू. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन इथे डीसीएफ-७७ नावाचं स्टेशन आहे. ते ७७.५ किलोहर्ट्झवर चोवीस तास फक्त वेळ सांगतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सजवळ डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी आहे, ते ६० किलोहर्ट्झवर. ब्रिटन, जपान आणि चीनचीही अशी स्टेशनं आहेत. नातेवाइकांनी जर्मनीहून आणलेलं 'आपोआप वेळ लावणारं' भिंतीवरचं घड्याळ तुमच्या घरी असेल, आणि ते इथे कधीच आपोआप लागत नसेल, तर कारण हेच. ते डीसीएफ-७७ शोधत बसलंय, आणि माइनफ्लिंगेन नारायणगावापासून फार लांब आहे.

या लहरी केवढ्या असतात याचा अंदाज यावा म्हणून: ६० किलोहर्ट्झची एक लहर जवळजवळ ५ किलोमीटर लांब असते. खोडदला जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत, त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत. तो अख्खा चौक या एका लहरीच्या पोटात पाच वेळा मावेल. बाकीच्या १६ अँटेना इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरल्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. म्हणजे पूर्ण दुर्बीण ओलांडायला या लहरीच्या पाच ढांगा. इतक्या लांब लहरी जमिनीला धरून शेकडो किलोमीटर जातात, भिंतीतून घरात शिरतात आणि त्या पकडायला मोठी छत्रीही लागत नाही. घड्याळासाठी लाँगवेव्ह निवडली जाते ती म्हणून.

आता वेळ सांगायची कशी? जुनी पद्धत सोपी आहे. डीसीएफ-७७ दर सेकंदाच्या सुरुवातीला आपला आवाज एकदम बारीक करतं. ०.१ सेकंद बारीक राहिला तर शून्य, ०.२ सेकंद राहिला तर एक. एका मिनिटात असे ५९ ठोके. शेवटच्या सेकंदाला काहीच करत नाही, त्यावरून कळतं की आता नवं मिनिट सुरू होणार. या शून्य-एकांत मिनिट, तास, तारीख सगळं भरलेलं असतं. भिंतीवरच्या घड्याळाला एवढं पुष्कळ झालं.

पण वेळेच्या वेडाला हे पुरत नाही. आवाज बारीक झाला म्हणजे नक्की कोणत्या क्षणी झाला? एवढी मोठी अँटेना झटकन गप्प होत नाही. पंखा बंद केल्यावर पाती थोडी फिरत राहतात तशी ती हळूहळू उतरते. त्यात तुमच्या रिसिव्हरचा फिल्टर आणखी उतार घालतो, वर घरातल्या एलईडी बल्बांचा आणि चार्जरचा कचरा. या उताराकडे बघून सेकंदाची कड शोधायची म्हणजे धुक्यात बांध शोधण्यासारखं आहे. काही मिलिसेकंदांची चूक सहज होते.

याउलट लहर स्वतः काय देते ते बघा. ७७.५ किलोहर्ट्झचं एक आवर्तन १२.९ मायक्रोसेकंदांचं. त्याला ३६० अंशांत वाटलं तर एक अंश म्हणजे सुमारे ३६ नॅनोसेकंद. फेज एका अंशापर्यंत मोजता आली तर तुमच्या हातात सेकंदाच्या अब्जाव्या भागांत बोलणारी पट्टी आली! घोळ एवढाच की सगळी आवर्तनं एकसारखी दिसतात. हे आवर्तन सेकंदातलं पहिलं की चारशेवं, ते लहर सांगत नाही. पट्टीवर रेघा अगदी बारीक आहेत, पण आकडे लिहिलेले नाहीत.

जर्मन लोकांनी हे आकडे लिहायला १९८३ साली सुरुवात केली, आणि ते ज्या पद्धतीने लिहिले ते मला अजूनही फार आवडतं. प्रत्येक सेकंदात, आवाज बारीक करण्याचं काम आटोपल्यावर, म्हणजे ०.२ सेकंदाला, ते फेज हलवायला लागतात. थोडीशीच. १५.६ अंश पुढे किंवा १५.६ अंश मागे. दर १२० आवर्तनांनी एकदा ठरवायचं, पुढे की मागे. असे ५१२ निर्णय, आणि ते संपेपर्यंत सेकंद जवळजवळ संपलेला असतो. हे पुढे-मागे बघायला अगदी नाणेफेक केल्यासारखं वाटतं, पण ती नाणेफेक नाही. एका साध्या गणिताने तयार होणारी ती ठरलेली माळ आहे आणि दर सेकंदाला तीच माळ येते. फक्त 'एक' सांगायचा असेल तर ती उलटी, पुढेच्या जागी मागे.

ठरलेली माळ कशाला? मिरवणुकीतला गोंगाट आठवा. शेजारी डीजे लावलाय, लोक ओरडतायत, आणि लांबून एक लेझीम पथक येतंय. तुम्हाला त्या पथकाचा ठेका पाठ असेल तर एवढ्या कल्लोळातही तुम्ही तो पकडता. पाठ नसेल तर नुसताच आवाज. हौशी माणसाचा कॉम्प्युटर हेच करतो. आलेल्या फेजवर पाठ असलेली ५१२ ची माळ ठेवतो आणि जागोजागी गुणाकार करून बेरीज करतो. माळ एक घर जरी सरकली तरी निम्मे गुणाकार अधिक, निम्मे उणे, आणि बेरीज जवळपास शून्य. माळ बरोबर बसली की ५१२ च्या ५१२ एका बाजूला येतात आणि आलेखात एकदम सुळका उभा राहतो, शिवनेरीच्या पायथ्यापासून वर बघावं तसा. तो सुळका जिथे, तिथे सेकंद. मिलिसेकंदांची चूक मायक्रोसेकंदांवर येते.

आणि यात एक शिष्टाचार आहे. त्या माळेत 'पुढे' आणि 'मागे' सारखेच ठेवलेत, त्यामुळे सरासरी फेज जागेवरच राहते. कुणी जुना रिसिव्हर घेऊन नुसती मूळ लहर मोजत असेल, आपल्या प्रयोगशाळेतलं ऑसिलेटर त्या लहरीशी ताडत असेल, तर त्याला ही नवी भर जाणवतही नाही. वर्षानुवर्षं जी पट्टी लोक वापरतात ती न मोडता तिच्यावर आकडे लिहिले.

अमेरिकेने २०१२ मध्ये वेगळा रस्ता घेतला. २९ ऑक्टोबर २०१२ पासून डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी फेज हलवायला लागलं, पण १५ अंशांनी नाही. थेट १८० अंशांनी. शून्य असेल तर लहर सरळ, एक असेल तर पूर्ण उलटी. थ्री फेजच्या वायरी बदलल्यावर मोटार उलटी फिरावी, तसला धक्का. दर सेकंदाला एक बिट. या बिटांत वेळ लिहायची पद्धतही नवी: शतक सुरू झाल्यापासून किती मिनिटं झाली एवढा एकच आकडा, २६ बिटांत. हिशेब करून बघा, शतकात सुमारे ५ कोटी २६ लाख मिनिटं असतात आणि २६ बिटांत ६ कोटी ७१ लाखांपर्यंत मोजता येतं, म्हणजे बरोबर मावतं. सोबत चूक दुरुस्त करणारे बिटही आहेत.

हे का केलं, याचं कारण खरं आहे. सरळ आणि उलटी यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं फेजमध्ये दुसरं कुठलंच नसतं, त्यामुळे अगदी क्षीण सिग्नलमधूनही बिट ओळखता येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनचं एमएसएफ स्टेशनही ऐकू येतं, तेही नेमकं ६० किलोहर्ट्झवरच आहे, आणि दोन्हींची गल्लत व्हायची. फेजने ती सोडवता येते. भिंतीवरच्या घड्याळांना काही त्रास नाही, कारण आवाज बारीक करण्याची जुनी पद्धत तशीच चालू ठेवली.

पण फेज मोजणारे रिसिव्हर मेले. हौशी लोकांच्या टेबलावर जुने, कुठल्या कुठल्या प्रयोगशाळेने काढून टाकलेले, स्पेक्ट्राकॉम आणि ट्रॅकॉरसारख्या कंपन्यांचे रिसिव्हर असायचे. ते डब्ल्यूडब्ल्यूव्हीबीच्या लहरीला घट्ट धरून बसत आणि घरच्या ऑसिलेटरची चूक कागदाच्या पट्टीवर रेघेने काढत. आता ज्या लहरीला धरायचं तीच दर सेकंदाला उलटणार की नाही याचा भरवसा नाही. सरळ आणि उलटी यांची सरासरी काढली तर हातात उरतं शून्य. पट्टीच नाहीशी झाली. संस्थेने काही महिने मुदत म्हणून दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास ही उलथापालथ थांबवली. २१ मार्च २०१३ नंतर तीही सवलत बंद.

माझं मत विचाराल तर जर्मन पद्धत जास्त माणुसकीची आणि अमेरिकन पद्धत जास्त उपयोगाची. दोन्ही एकाच वेळी मिळणं अवघड होतं. मात्र अमेरिकन संस्थेने एक गोष्ट चांगली केली. नव्या सिग्नलचं पूर्ण वर्णन, कोणता बिट कुठे, सगळं उघड छापलं. त्यामुळेच पुढचा भाग घडला.

हौशी मंडळींनी मेलेले रिसिव्हर जिवंत केले, आणि त्यासाठीची युक्ती इतकी सोपी आहे की दहावीच्या मुलाला सांगता येईल. आलेल्या लहरीचा वर्ग करा. लहरीला स्वतःनेच गुणलं की तिची वारंवारता दुप्पट होते, ६० ची १२० किलोहर्ट्झ, आणि फेजही दुप्पट होते. आता सरळ लहरीची फेज शून्य, तिची दुप्पट शून्य. उलट्या लहरीची १८०, तिची दुप्पट ३६०. आणि ३६० अंश फिरणं म्हणजे पुन्हा तिथेच येणं! उलटी-सुलटी सगळी एका रांगेत आली. मग या १२० किलोहर्ट्झला सर्किटने दोनने भागायचं, की स्वच्छ ६० किलोहर्ट्झची लहर तयार. ती जुन्या रिसिव्हरच्या तोंडात द्यायची. त्याला वाटतं २०१२ उजाडलेलंच नाही. किंमत एवढीच की अर्ध्या आवर्तनाची शंका कायमची राहते, म्हणजे ८.३ मायक्रोसेकंद इकडे की तिकडे. ऑसिलेटर ताडायला तिने काही बिघडत नाही.

दुसरा मार्ग आणखी मजेचा आहे. सिग्नलमध्ये बातमी कसली असते? वेळेची. म्हणजे पुढच्या मिनिटाला काय येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. मग कॉम्प्युटरने पुढच्या मिनिटाचे बिट आधीच मांडायचे, आणि जिथे लहर उलटी येणार तिथे ती आपणच पुन्हा उलटवून घ्यायची. पेपर फुटलेली परीक्षा.

फ्रान्सचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते चुटपुट लावणारं आहे. तिथे आलूई गावातून १६२ किलोहर्ट्झवर फ्रान्स इंटर हे रेडिओ स्टेशन चालायचं आणि त्याच लहरीच्या फेजमध्ये वेळ दडवलेली असायची. लोक गाणी ऐकत, घड्याळं फेज ऐकत, एकमेकांना अडचण नाही. २०१६ संपताना लाँगवेव्हवरचे कार्यक्रम बंद झाले. ट्रान्समीटर मात्र चालूच आहे, कारण रेल्वेची आणि सार्वजनिक ठिकाणांची घड्याळं त्याच्यावर चालतात. आज तिथे ना गाणी ना बातम्या. फक्त फेज हलते, एक रेडियन पुढे, एक रेडियन मागे.

मोजणाऱ्याचं घड्याळ

इथे एक प्रश्न तुमच्या मनात यायला हवा. फेज म्हणजे 'कधी'. पण 'कधी' हे मोजायला आपल्याकडेही एक घड्याळ लागतं. ते कितपत चांगलं?

आकडा घालून बघू. साध्या रिसिव्हरच्या स्फटिकात दहा लाखांत एक एवढी चूक असणं अगदी सामान्य आहे. ऐकायला किती किरकोळ! पण ७७.५ किलोहर्ट्झवर ती चूक फेजला दर सेकंदाला सुमारे २८ अंश सरकवते. आपण शोधतोय ते हलणं आहे १५.६ अंशांचं. म्हणजे तुमचं स्वतःचं घड्याळच सिग्नलपेक्षा जास्त हलतंय. म्हणून हौशी माणूस सगळ्यात आधी हे एकसारखं सरकणं आलेखावरून वजा करतो, आणि मग जे उरतं त्यात माळ शोधतो. जरा अनुभवी असेल तर जीपीएसला बांधलेलं ऑसिलेटर वापरतो, आणखी पुढे गेलेला सेकंडहँड रुबिडियम घड्याळ विकत आणतो. घरच्यांशी त्यावरून काय बोलणी होत असतील ते तुम्हीच ओळखा.

सगळं नीट झाल्यावरही फेज दिवसभरात हळूहळू सरकत राहते, आणि हे सरकणं घड्याळाचं नसतं. लांबून येणारी लाँगवेव्ह वरच्या आयनांबराला आपटून येते. त्याचा खालचा काठ दिवसा साधारण ७० किलोमीटरवर असतो, रात्री ९० च्या आसपास वर जातो. रस्ता लांबला की लहर उशिरा पोहोचते. महिनाभराचा आलेख काढला तर दररोज सूर्योदयाला फेज एका बाजूला उतरते, सूर्यास्ताला परत चढते. सूर्यावर मोठा भडका उडाला तर तो काठ काही मिनिटांत खाली येतो आणि फेज एकदम उडी मारते. वेळ मोजायला बसलेल्या माणसाला अशा प्रकारे सूर्य दिसायला लागतो.

खोडदला काय होतं

आता आमच्याकडे या. जीएमआरटीच्या प्रत्येक अँटेनाची तबकडी ४५ मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची. पण चित्र एकेका तबकडीतून येत नाही. दोन अँटेनांवर एकच लहर किती फरकाने पोहोचली, म्हणजे त्यांच्या फेजमध्ये किती फरक, हे प्रत्येक जोडीसाठी मोजून त्यातून आकाशाचं चित्र बांधलं जातं. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि सगळ्यांना एकाच घड्याळाचा ताल द्यावा लागतो. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या लहरीवर काम करताना १० पिकोसेकंदांची चूक म्हणजे ५ अंश. १० पिकोसेकंदांत प्रकाश ३ मिलिमीटर जातो. उन्हाने तापमान बदललं तरी फेज सरकते. म्हणून निरीक्षण चालू असताना मधूनमधून दुर्बीण एखाद्या ओळखीच्या, जागा पक्की माहीत असलेल्या स्रोताकडे वळवतात, फेज किती सरकली ते बघतात आणि तेवढी वजा करतात. तीच वजाबाकी, जी जर्मनीतला हौशी माणूस आपल्या स्फटिकासाठी करतो.

माझ्या कामात तर साम्य आणखी जवळचं आहे. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा, त्याचा झोत दर फेरीला एकदा आपल्यावरून जातो. जे-१९०९-३७४४ नावाचा पल्सार सेकंदाला ३३९ फेऱ्या मारतो. त्याचा एकेक ठोका गोंगाटात बुडालेला असतो. मग आम्ही हजारो ठोके एकावर एक रचतो, आणि त्या बेरजेवर पल्सारचा पाठ असलेला आकार सरकवून बघतो, कुठे बरोबर बसतो. लेझीम पथकाचीच गोष्ट. आमचं मोजमाप ज्या घड्याळाशी होतं ते खोडदचं हायड्रोजन मेसर, आणि ते जीपीएसमार्फत जगाच्या वेळेशी ताडलेलं. पल्सारपासून इथपर्यंतच्या वाटेत इलेक्ट्रॉन पसरलेले असतात, ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त उशीर करतात. लाँगवेव्हवाल्यांच्या आयनांबरासारखीच ही आमची डोकेदुखी, आणि जीएमआरटी कमी वारंवारतेला चांगलं बघते म्हणून हा उशीर नेमका मोजणं हीच आमची ताकदही.

याचं फळ काय? इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटाने, ज्यात भारतीय आणि जपानी संशोधक आहेत, १४ पल्सारांचा साडेतीन वर्षांचा डेटा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. जून २०२३ मध्ये युरोपच्या गटाबरोबर त्यांनी जाहीर केलं की अनेक पल्सारांच्या ठोक्यांमध्ये एकमेकांशी जुळणारं डुलणं दिसतंय, ज्याचं एक आवर्तन पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात. अवकाशच ताणलं-आकसलं जात असल्याची, गुरुत्वीय लहरींची ती खूण. लाँगवेव्हचं आवर्तन मायक्रोसेकंदांचं, हे वर्षांचं. फेज मात्र फेजच.

आणि आपल्याकडे?

भारतात वेळ सांगणारं लाँगवेव्ह स्टेशन नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे स्टेशन शॉर्टवेव्हवर १० मेगाहर्ट्झला सेकंदाचे ठोके द्यायचं, तेही आता बंद झालंय. आज आपल्या बँका, मोबाइल टॉवर, वीज ग्रिड यांना बारीक वेळ लागते ती बहुतेक करून उपग्रहांवरून येते. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की तो दाबून टाकायला फार मोठं यंत्र लागत नाही. लाँगवेव्हचं तसं नसतं. प्रयोगशाळेची वेळ देशभर जमिनीवरून नेण्यासाठी अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथे केंद्रं उभारण्याचं काम हाती घेतलंय, ते चांगलंच आहे. पण ती वेळ केबलने मोठ्या ग्राहकाकडे जाणार. तारेची गुंडाळी लावून ओतूरच्या शाळेतल्या मुलीला देशाचा सेकंद मोजता येईल, अशी सोय त्यात नाही. ती असावी असं मला वाटतं. जर्मनीत ५० किलोवॅटचं एक स्टेशन कित्येक देशांना पुरतं.

तोपर्यंत काय करता येईल? दोन गोष्टी, दोन्ही नारायणगावात बसून.

पहिली फुकट आहे. किवीएसडीआर नावाचे रिसिव्हर जगभरच्या हौशी लोकांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडे ठेवलेत. त्यांचं घड्याळ जीपीएसवर सुधारलेलं असतं, त्यामुळे मघाची २८ अंशांची कटकट नाही. युरोपातला एखादा निवडा, ७७.५ वर लावा आणि त्यातलं आयक्यू नावाचं चित्र उघडा. पडद्यावर मध्यापासून जितकं लांब तितका आवाज मोठा, आणि ज्या दिशेला ठिपका ती फेज. डीसीएफ-७७ चा ठिपका एका छोट्या कमानीवर पुढे-मागे थरथरताना दिसेल. १६२ वर गेलात तर कमान खूप मोठी, मध्यापासून दोन्हीकडे ५७ अंशांची. मग अमेरिकेतला रिसिव्हर घ्या, ६० वर लावा: समोरासमोर दोन ठिपके, आणि सेकंदागणिक त्यांच्यातली उडी. त्यासाठी आपल्याकडची दुपारची वेळ धरा. आपले साडेबारा वाजलेले असतात तेव्हा कोलोरॅडोत मध्यरात्र असते, आणि रात्री हा सिग्नल लांबवर जातो.

दुसरीला थोडी तार लागेल. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम इथे नौदलाचं व्हीटीएक्स स्टेशन आहे, पाणबुड्यांसाठीचं, १८.२ किलोहर्ट्झवर. त्यातला संदेश आपल्याला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. पण आयनांबराचे अभ्यासक ही लहर वर्षानुवर्षं मोजत आलेत. गंमत अशी की १८.२ किलोहर्ट्झ लॅपटॉपच्या साउंड कार्डाच्या आवाक्यात येतं, ४८ हजारांचा वेग निवडला की २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं नोंदवता येतं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते ती इनॅमलची तार घ्या, मीटरभराच्या लाकडी चौकटीवर पन्नासेक वेढे मारा, आणि दोन टोकं माइकच्या पिनेला जोडा. चौकटीची कड दक्षिणेकडे करा, कारण अशी गुंडाळी कडेच्या दिशेने येणारी लहर सगळ्यात चांगली पकडते. विजेच्या तारांपासून लांब बसा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. लाईट गेलेली असेल तर उत्तमच. तारांवर पडणाऱ्या ठिणग्यांचा खरखराट जीएमआरटीलाही सतावतो, तुम्हालाही सतावेल.

१८.२ वरची ताकद दर मिनिटाला एक आकडा अशी नोंदवत सलग दोन-तीन दिवस ठेवा आणि आलेख काढा. पहाटे सूर्य वर यायच्या सुमाराला तो आलेख खाली-वर हेलकावतो. एखाद्या दुपारी तो विनाकारण उडी मारून तासाभरात हळूहळू जागेवर आला, तर त्या दिवसाची सौर भडक्यांची नोंद इंटरनेटवर काढून वेळ जुळते का ते बघा. मला आलेख जरूर पाठवा, घराच्या गच्चीवरचा आहे की शेतातला तेही लिहा.